पास होतो तो नमुना

अहिल्यानगरची 'व्हीआरडीई' ही डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा. मूळ काम लष्करी गाड्यांचं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 नुसार नागरी गाड्यांचे नमुनेही ती तपासते. म्हणजे जवानांच्या ट्रकला आणि आपल्या मालट्रकला परीक्षक एकच असू शकतो! ब्रेकची परीक्षा रिकाम्या गाडीवर भागत नाही. पूर्ण वजन लादून, पुन्हा पुन्हा दाबून ब्रेक तापवतात आणि मग गाडी किती अंतरात थांबते ते मोजतात. घाट उतरताना लायनर जळल्याचा वास ज्यांनी घेतलाय, त्यांना कारण सांगायला नको. लष्करी गाडीला याखेरीज खडा चढ, चिखल, पाणी. पण पास होतो तो नमुना. दारातला ट्रक नव्हे. त्याला 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी, नंतर दरवर्षी फिटनेसला जावं लागतं ते म्हणूनच.