इसार देण्यापूर्वीच वकील हवा

घर विकत घेणारा नोकरदार वकिलाकडे जातो खरा, परंतु बहुधा उशिरा. इसाराची रक्कम दिलेली असते, कर्जाचा अर्ज गेलेला असतो. मग विक्रीपत्राच्या मसुद्यापुरते वकिलाचे दार ठोठावले जाते. त्या वेळी वकील दस्त लिहून देऊ शकतो. व्यवहाराच्या मुळाशी असलेला दोष दूर करणे त्याच्या हाती नसते.

या दिरंगाईमागे एक गैरसमज आहे. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की सरकारने मालकीची ग्वाही दिली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद होते ती दस्ताची. विकणाऱ्याची मालकी तपासणे हे निबंधकाचे काम नव्हे, असे तमिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले.

नागपुरात हा गैरसमज अधिकच महाग पडतो. शहराभोवतीच्या शेतजमिनींचे तुकडे पाडून गृहनिर्माण संस्थांनी भूखंड विकले. त्यांतील अनेक अभिन्यासांना मंजुरी नव्हती. ते नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. तेव्हा अशा भूखंडाचे नियमितीकरण पत्र आहे काय, हा पहिला प्रश्न. जमीन नझूलची असेल तर पट्ट्याची मुदत आणि हस्तांतरणाच्या अटी पाहाव्या लागतात. महाल-इतवारीतील वडिलोपार्जित घर असेल तर आखीव पत्रिकेवरील नावांपलीकडे आणखी वारस आहेत काय, बहिणींची संमती आहे काय, हे तपासावे लागते. केवळ आममुखत्यारपत्रावर घर घेणाऱ्यांनी तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय ध्यानात ठेवावा: अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही.

कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील कागद पाहतोच, मग आपला वेगळा कशाला, असे विचारले जाते. तो बँकेची रक्कम सुरक्षित आहे की नाही हे पाहतो. आपले हित पाहणे त्याच्यावर बंधनकारक नाही. बिल्डरच्या वकिलाविषयी तर बोलायलाच नको. विकणाऱ्यानेही वारसनोंदी, थकीत कर, जुन्या कर्जाचा बोजा यांचा निकाल गिऱ्हाईक येण्यापूर्वी लावून घ्यावा. अन्यथा ऐनवेळी व्यवहार मोडतो आणि इसारावरून कज्जा उभा राहतो.

फीची कुरकुर समजण्यासारखी आहे. परंतु भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम सदोष भूखंडात अडकली, तर ती सोडविण्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षे घालवावी लागतात. तेथेही वकील लागतोच. तेव्हा प्रश्न वकील घ्यावा की नाही हा नसून केव्हा घ्यावा हा आहे. त्याचे उत्तर एकच: इसारपत्रावर सही करण्यापूर्वी.