वय राहू द्या, उठताना पाय घसरतो का ते बघा

रस्त्यावरून उचलून आणलेलं थोराड कुत्रं कोल्हापुरातल्या कुठल्याही पशुवैद्यांच्या टेबलावर चढवा. केसपेपरवर रंग, वजन, नर-मादी भराभर लिहून होतं आणि पेन वयाच्या रकान्याशी अडतं. मग तिथं पडतं, 'अंदाजे ८ ते १०'. पिल्लाच्या बाबतीत हा घोळ नसतो. दुधाचे २८ दात पडून सहा-सात महिन्यांत पक्के ४२ येतात, त्यामुळे महिन्यांचा हिशोब बऱ्यापैकी बसतो. पुढं मात्र दातांवर भिस्त ठेवता येत नाही. घरात मऊ भात खाल्लेल्या कुत्र्याचे सुळे वय झालं तरी टोकदार राहतात, आणि दगड-हाडं चावत वाढलेल्या चार वर्षांच्या कुत्र्याचे दात पार झिजून गेलेले असतात.

तोंडावरचे पांढरे केसही फसवतात. २०१६ साली कॅमिल किंग आणि टेंपल ग्रँडिन यांच्या गटानं एक ते चार वर्षांच्या ४०० कुत्र्यांची पाहणी केली. जी कुत्री जास्त घाबरट, अस्वस्थ होती, त्यांचं तोंड तरुणपणीच पिकलेलं आढळलं. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वाट्याला भीती किती येते हे वेगळं सांगायला नको. डोळे थोडं अधिक खरं बोलतात. सहा-सात वर्षांनंतर भिंगाच्या मध्यभागी निळसर धुरकट छटा येऊ लागते. लोक तिला मोतीबिंदू समजून हबकतात. पण या छटेनं नजर फारशी जात नाही. मोतीबिंदू पांढरा, दाट असतो आणि तो नजर अडवतो.

कागद असूनही वय सिद्ध होत नाही, याचं गाजलेलं उदाहरण पोर्तुगालच्या बॉबीचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गिनीजनं त्याला जगातलं आजवरचं सर्वांत वयस्क कुत्रं ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला, तेव्हा त्याचं वय ३१ वर्षांवर सांगितलं जात होतं. पुढं फेरतपासणी झाली. सरकारी नोंदीतलं वय मालकाच्या सांगण्यावरूनच लिहिलेलं होतं, २००८ च्या आधी जन्मलेल्या कुत्र्यांसाठी पुरावा मागितलाच जात नव्हता. २०२४ मध्ये विक्रम काढून घेण्यात आला.

आणि खरं तर वयाचा नेमका आकडा कळला नाही म्हणून इतकं बिघडतही नाही. 'कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात' हा हिशोब चुकीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये १०४ लॅब्रॅडॉरच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासून एक सूत्र मांडलं. त्यानुसार एक वर्षाचं कुत्रं माणसाच्या तिशीत पोचलेलं असतं, पण नंतर वेग मंदावतो: आठ वर्षांचं कुत्रं साधारण चौसष्टीत, दहा वर्षांचं अडुसष्टीत. हे एकाच जातीवरचं काम आहे, गावठी कुत्र्याला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण 'आठ की दहा' यावर घरात वाद घालण्यापेक्षा ते कुत्रं जमिनीवरून उठतं कसं हे बघणं किती शहाणपणाचं, ते यावरून उमगावं.

ते नीट बघावं. म्हातारं कुत्रं आधी पुढचे पाय रोवतं, मग मागचा भाग उचलायला जातं, आणि गुळगुळीत फरशीवर मागचे पंजे दोन्हीकडे फाकतात. दोन-तीनदा असं झालं की ते उठायचंच टाळतं, आणि घरचे म्हणतात, आळशी आहे. उपाय स्वस्त आहे. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत पोती किंवा जुनी जाजमं अंथरायची. दुखतंय म्हणून घरातली गोळी मात्र देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंड निकामी करू शकतात.

रक्ततपासणी पहिल्याच आठवड्यात हवी. मूत्रपिंडाचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढत नाही, म्हणून कुत्रं भांडंच्या भांडं पाणी पिऊ लागलं की लगेच डॉक्टरांना सांगावं. गोचिडतापाची तपासणीही त्यातच होते. रेबीजसकट सगळ्या लसी टोचल्याच नाहीत असं धरून पुन्हा सुरू करायच्या. घरात आधीचं कुत्रं असेल तर दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवावं. ऐकू कमी येणारं कुत्रं झोपेत हात लागला तर दचकून चावू शकतं. लहान मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवावं. चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सीपीआर रुग्णालय गाठायचं.

आता कोल्हापूरचा खास प्रश्न. इथं माया म्हणजे ताटातलं मटणाचं हाड. शिजलेलं हाड चिरफळून आतड्यात रुततं, रश्श्यातला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतो, आणि तेलाचा तवंग म्हाताऱ्या स्वादुपिंडाला झेपत नाही. पण अळणी पाणी वेगळं काढायची रीत ज्या घरात आहे, तिथं वाट सोपी आहे: कांदा, लसूण, मीठ पडायच्या आधीच चार तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून घ्यावेत, हाड काढून भातात कुस्करावेत. दूध-बिस्किटानं बऱ्याच थोराड कुत्र्यांना हगवण लागते.

रस्त्यावरून उचललेली बरीचशी थोराड कुत्री तिथं जन्मलेली नसतातच. गळ्यावर पट्ट्याचा वळ असलेला लॅब्रॅडॉर हायवेच्या कडेला सापडतो, तेव्हा त्याला कुणीतरी गाडीतून आणून सोडलेलं असतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वीचा हा आकडा आजही कायद्यात असावा, ही लाजेची गोष्ट आहे.

पुरात तर अशा निराधार कुत्र्यांचा प्रश्न एका रात्रीत उभा राहतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुण्याची रेस्क्यू, सांगली भागातली ॲनिमल राहत अशा संस्थांची पथकं पूरपट्ट्यात उतरली. पण पाण्यातून काढलेलं जनावर त्या रात्री ठेवायचं कुठं? शेडमध्ये जागा मोजकी, गर्दी आणि भुंकणं अखंड, आणि त्यात आधी खचतं ते म्हातारं कुत्रं.

फॉस्टर हवं ते इथं. फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे. जबाबदारी संस्थेची, औषधपाणी बहुधा तिचंच. घर फक्त बरं होईपर्यंत किंवा कायमचा ठिकाणा मिळेपर्यंत. सॅन फ्रान्सिस्कोतली मटव्हिल ही संस्था २००७ पासून सात वर्षांवरच्या कुत्र्यांसाठीच काम करते, फॉस्टर घरांच्या भरवशावर. आपल्याकडं हे काम निवृत्त मंडळींना छान जमेल. पिल्लू घेतलं तर बारा-पंधरा वर्षं निभावतील का, ही त्यांची धास्ती रास्त असते. थोराड कुत्र्याला लांब पळायचं नसतं, सकाळी रंकाळा तलावावर सावकाश चक्कर पुरते.

आणायच्या आधी मात्र संस्थेशी तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. ऑपरेशनचा निर्णय कोण घेणार? दुखणं हाताबाहेर गेलं आणि डॉक्टरांनी शांतपणे झोपवायचा सल्ला दिला, तर होकार कोणाचा? आणि महिनाभर पुण्याला मुलाकडं जायचं झालं, तर ते कुत्रं तेवढे दिवस कोणाच्या घरी राहणार?