जलसा : जुन्या चौकटीतील नवे न्यायगान
(सातारा–सांगली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मे २०२० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतरच्या काळात तेथील अनेक वाद्यवृंदांनी वांशिक न्याय आणि दडपणाखाली तग धरून राहणारा माणूस या विषयांवर नव्या रचना लिहून घेऊन त्या प्रथमच श्रोत्यांपुढे सादर केल्या. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की चित्रपटगीतांची रात्र डोळ्यांसमोर येते. त्यामुळे वाद्यवृंदाने न्यायाचा प्रश्न मांडावा ही गोष्ट अनेकांना अपूर्व वाटली. वस्तुतः नव्याने रचलेली गाणी, वाद्यांचा संच आणि अन्यायग्रस्त श्रोता यांना एकाच ठिकाणी आणणारा एक प्रयोगप्रकार महाराष्ट्रात, विशेषतः जुन्या सातारा जिल्ह्यात, शतकभरापूर्वीच रुजला होता. तो म्हणजे जलसा. जलशाची रचना न्यायाचा आशय श्रोत्यांपर्यंत कशी पोहोचवत होती, आणि तसे करताना त्याच्यापुढे कोणती अडचण उभी राहिली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे ‘जुना सातारा जिल्हा’ हा शब्द हेतुपूर्वक वापरला आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वीचा वाळवा तालुका साताऱ्याचाच होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र, अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव आणि पठ्ठे बापूराव यांचे रेठरे हरणाक्ष ही तिन्ही गावे या एकाच तालुक्यातील. अमेरिकन वंशाच्या विदुषी गेल ऑम्व्हेट यांनी जेथे अखेरपर्यंत वास्तव्य केले ते कासेगावही याच तालुक्यात आहे. सत्यशोधक चळवळीवर मूलगामी संशोधन करणाऱ्या या विदुषींचा जन्म १९४१ मध्ये मिनियापोलिस शहरातच झाला होता, हा केवळ योगायोग असला तरी नोंदवण्याजोगा आहे.

वंश आणि जात यांची सांगड आपल्याकडे आज घातली गेलेली नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण करून. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्या अर्पणामागील अपेक्षा होती. फुले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, तोही याच नात्याच्या जाणिवेतून.

जलशाची चौकट

तमाशाचा क्रम प्रेक्षकाला तोंडपाठ असतो. आधी गण, मग गौळण, त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही वाद्ये. सरदार, सोंगाड्या, नाच्या आणि मागे उभे राहून सूर धरणारे झीलकरी. सत्यशोधक जलसाकारांनी ही चौकट मोडली नाही. तिच्या प्रत्येक खणातला ऐवज मात्र बदलला. गणातील स्तवनाला नवा अर्थ दिला. गौळणीत कृष्णाच्या जागी सत्याजी नावाचे पात्र आले आणि वाट अडवली जाऊ लागली ती गवळणींऐवजी ब्राह्मण स्त्रियांची. बतावणीत भिक्षुकशाही, सावकारी आणि कर्ज काढून केलेले लग्न यांची झडती सुरू झाली. वगात राजा-राणीच्या जागी कुळवाडी, कुलकर्णी आणि शाळेत न गेलेला पोरगा आला.

ही योजना किती सूक्ष्म आहे ते पाहण्यासारखे आहे. गणाची वेळ झाली की श्रोता सवयीने हात जोडण्याच्या तयारीत असतो. नेमक्या त्याच क्षणी त्याला वेगळे काही ऐकू येते. ओळखीच्या जागी अनोळखी शब्द आला म्हणून तो लक्षात राहतो. संपूर्ण प्रयोगच अनोळखी असता तर तो कदाचित अर्ध्यावर उठून गेला असता. भाषणाला ही सोय नाही. आंबेडकरी परंपरेत अशी आठवण सांगितली जाते की बाबासाहेब स्वतः जलशाला आपल्या सभांहून अधिक परिणामकारक मानत. त्यामागील कारण केवळ गाण्याच्या गोडीत नसून या चौकटीत आहे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

पाश्चात्त्य संगीतातही हेच तंत्र दिसते. जोएल थॉम्पसन या तरुण कृष्णवर्णीय संगीतकाराने २०१४ मध्ये ‘सेव्हन लास्ट वर्ड्स ऑफ द अनआर्म्ड’ ही रचना केली. पोलिसांच्या वा अधिकार गाजवणाऱ्या इतरांच्या हातून मारल्या गेलेल्या सात निःशस्त्र कृष्णवर्णीय पुरुषांचे अखेरचे शब्द तीत आहेत. मात्र तिचा साचा जुना, धार्मिक आहे : येशूच्या क्रुसावरील सात अखेरच्या वचनांचा, ज्यावर अठराव्या शतकात हायडनने रचना केली होती. चर्चमधील श्रोत्याला सातांचा हा क्रम पाठ असतो. वचनांच्या जागी रस्त्यावर मरणाऱ्या माणसाचे उद्गार आले की तो हादरतो. आपल्या गणाचे आणि या रचनेचे कार्य एकच आहे.

सत्यशोधक जलशांचा प्रभाव केवळ मनोरंजनापुरता नव्हता. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध जो उठाव केला त्याच्या वातावरणनिर्मितीत जलशांचा वाटा होता, हे ऑम्व्हेट यांच्या संशोधनातून पुढे आले. तथापि या जलशाचा गौरव करताना एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. गौळणीत कृष्ण गेला, सत्याजी आला; वाट अडवली जाणारी मात्र स्त्रीच राहिली. तिची जात बदलली, एवढेच. वर्चस्वाविरुद्धचा राग त्या वर्चस्वाखालीच जगणाऱ्या बाईच्या थट्टेतून व्यक्त व्हावा, हा चौकट जशीच्या तशी उचलल्याचा परिणाम होय. चौकट निरपेक्ष नसते; तिच्यात जुने संबंध मुरलेले असतात.

वाद्य, देह आणि जात

ही अडचण आंबेडकरी जलशापुढे अधिक तीव्रतेने उभी राहिली. तमाशाची कला ज्या समाजांनी जोपासली ते प्रामुख्याने महार आणि मांग. हलगी वाजवणे हे मांगांकडे आलेले गावकाम. कड्यावर ताणलेले कातडे विस्तवावर शेकून वाजवायचे, लग्नात आणि जत्रेत सर्वांच्या पुढे चालायचे, आणि जेवणाच्या पंगतीत मात्र सर्वांच्या मागे, वेगळे बसायचे. गावाचा आनंद ज्याच्या हातून वाजे त्याला त्या आनंदात जागा नसे. तेव्हा प्रश्न असा की, जातीने लादलेल्या कामातून आलेले कौशल्य जातीविरुद्ध वापरावे, की ते कामच आधी टाकून द्यावे?

याचे सर्वांत बोलके उदाहरण पठ्ठे बापूरावांचे आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) हे रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. तमाशाच्या नादाने त्यांनी घरदार आणि जात सोडली. महार समाजातील विख्यात कलावंत पवळा हिच्यासह त्यांनी फड गाजवला. महाड सत्याग्रहाच्या काळात त्यांनी आपल्या तमाशाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले तेव्हा डॉ. आंबेडकर यांनी ते नाकारल्याची हकिकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. आमच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा आम्हांला नको, अशी त्यामागील भूमिका होती. एका बाजूला जात ओलांडणारा कवी आणि दुसऱ्या बाजूला त्याची देणगी परत करणारा नेता : दोघांपैकी कोणाचे चुकले, असा प्रश्न वर्गात विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे सोपे उत्तर नाही. बापूरावांना जात सोडून तमाशात येण्याचे स्वातंत्र्य होते; पवळेला तमाशा सोडून प्रतिष्ठेने अन्यत्र जाण्याचे नव्हते. हा भेद लक्षात घेतला तर नकाराचे कारण उमगते. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाडा यांवरील लेखनात, आणि अलीकडे शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथात, तमाशातील दलित स्त्रीच्या या कोंडीची सविस्तर चिकित्सा केली आहे.

नाशिकच्या भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी १९३० च्या दशकात जो आंबेडकरी जलसा उभा केला त्यात म्हणूनच शृंगार आणि नाची यांना स्थान उरले नाही. यामुळे काही गमावले गेले, हे मान्य करायला हवे. नृत्याबरोबर स्त्रीही मंचावरून गेली, आणि ती गाणारी म्हणून परत येण्यास बराच काळ लागला.

वाटेगाव ते स्टॅलिनग्राड

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी हा पेच वेगळ्या मार्गाने सोडवला. मांग समाजात जन्मलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या शाहिराने लहानपणीच कुटुंबासह मुंबईची वाट धरली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. त्यांनी ढोलकी आणि हलगी टाकली नाही. टाकला तो गावगाड्यातील मोबदल्याचा संबंध. बलुत्यासाठी वाजणारे वाद्य गिरणगावातील कामगारांच्या सभेत स्वतःच्या इच्छेने वाजू लागले. गणात त्यांनी गणपतीऐवजी मायभूमी आणि शिवछत्रपती यांना वंदन केले. पुढे सरकारने तमाशावर बंधने आणली, तेव्हा त्याच ऐवजाला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळून तो रंगभूमीवर टिकून राहिला.

या संदर्भात ‘स्टॅलिनग्राडचा पोवाडा’ विशेष विचारात घ्यावा लागतो. पोवाडा हे वीराचे गान. त्याची चौकट शिवकालापासून मराठी श्रोत्याच्या कानात बसलेली. अण्णा भाऊंनी तीत राजाऐवजी वेढ्यात तग धरणारे एक परदेशी शहर बसवले. याच युद्धकाळात, ९ ऑगस्ट १९४२ रोजी, वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये उपासमारीने खंगलेल्या वादकांनी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली होती. (त्याच दिवशी पहाटे मुंबईत ‘छोडो भारत’चे नेते पकडले गेले आणि सातारा जिल्हा प्रतिसरकारच्या दिशेने निघाला.) एकीकडे युरोपीय वाद्यवृंद, दुसरीकडे डफ आणि तुणतुणे; विषय मात्र एकच, वेढा आणि चिवटपणा. मराठी समीक्षेने पहिल्याला अभिजात आणि दुसऱ्याला प्रचारी म्हटले, यात श्रवणापेक्षा संस्काराचा भाग अधिक आहे.

‘माझी मैना’ या छक्कडीत हीच पद्धत अधिक कोमल होते. विरहिणीची लावणी ही जुनी चौकट. येथे विरह होतो तो पोटासाठी मुंबईला गेलेल्या मजुराला, आणि पाहता पाहता ती मागे राहिलेली मैना संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचे रूप घेते.

आसनव्यवस्थेचा अर्थ

न्यायाचा आशय केवळ शब्दांत नसतो, हे दाखवण्यासाठी आणखी एक रचना सांगणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीय संगीतकार विल्यम ग्रँट स्टिल यांची ‘अँड दे लिंच्ड हिम ऑन अ ट्री’ ही रचना २५ जून १९४० रोजी न्यूयॉर्कमध्ये तेथील फिलहार्मोनिकने प्रथम सादर केली. तीत दोन स्वतंत्र गायकवृंद आहेत : एक गोऱ्यांचा, एक कृष्णवर्णीयांचा. झुंडीने खून करून परतणारे गोरे आधी गातात. मग प्रेत शोधत आलेले कृष्णवर्णीय गातात. मृताची आई एकटी गाते. शेवटी दोन्ही वृंद एकत्र येतात. छापील संहिता वाचून हा अनुभव येत नाही. कोण कोठे उभे आहे, हे पाहावे लागते.

जलशाचेही तसेच आहे. सवर्ण वस्तीतील श्रोते आणि महारवाडा-मांगवाड्यातील श्रोते एका मंचासमोर कोणत्या क्रमाने बसले, सोंगाड्याने पाटलाकडे पाहून विनोद केला की नजर चुकवून, झीलकऱ्यांच्या ‘जी जी’मध्ये श्रोते सामील झाले की गप्प राहिले, यांवर त्या रात्रीचा अर्थ ठरत असे. आपल्या अभ्यासक्रमात अण्णा भाऊंचा पोवाडा येतो तो पुस्तकातील पाठ म्हणून. यमक, रस, अलंकार, सामाजिक आशय अशा क्रमाने तो शिकवला जातो आणि त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो. शिक्षक तो म्हणत नाही. विद्यार्थीही म्हणत नाहीत.

दुसरीकडे, विद्यापीठीय युवा महोत्सवांत लोकवाद्यवृंद ही स्पर्धा असते. हलगी, ढोलकी, संबळ, तुतारी सारे मंचावर येते, टाळ्यांचा कडकडाट होतो. तेथे शब्द नसतात. अशा रीतीने जलशाचे दोन अर्धे एकाच महाविद्यालयाच्या आवारात परस्परांना न भेटता नांदत आहेत : संहिता मराठी विभागात आणि वाद्ये सांस्कृतिक विभागात. स्पर्धेसाठी हलगी वाजवायला अनेकदा बाहेरून वादक आणून विद्यार्थ्यांना शिकवले जाते. तो वादक कोणत्या वस्तीतून येतो, त्याला मानधन किती मिळते, आणि पारितोषिक वितरणाच्या छायाचित्रात तो असतो काय, हे प्रश्न मराठी आणि समाजशास्त्र विभागांच्या लघुप्रकल्पासाठी घेता येतील. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अशा वादकांची घरे महाविद्यालयांपासून फार लांब नाहीत.