पेपर सुटला, गाडी भरली

"तुझं काय आलं रे?"

"पॉइंट झिरो वन एट."

"माझं पॉइंट झिरो वन झिरो आलंय..."

"मग चुकलंय तुझं."

एवढाच संवाद. दापोली-केळशी एसटीतला, २०१५ सालचा, बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर सुटल्यावरचा. पहिलं आणि शेवटचं वाक्य माझं. मधलं तिचं.

बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात अशी एक दुपार असते. पेपर देऊन बाहेर यायचं, खरं तर डोकं बधिर झालेलं असतं, पोटात कावळे कोकलत असतात, पण पाय घराकडे वळत नाहीत. कोणीतरी प्रश्नपत्रिका उघडतो आणि पोस्टमॉर्टेम सुरू! फिजिक्सला ते जरा बेतानं चालतं, मॅथ्सला कोणी बोलायच्या मनःस्थितीत नसतं. केमिस्ट्रीला मात्र सगळ्यांना तोंड फुटतं. कारण त्यात सगळ्याच प्रकारचे प्रश्न असतात. गणितं असतात, तिथे आकडा जुळला तर जुळला. ऑरगॅनिकमधल्या नावांच्या रिॲक्शन्स असतात, तिथे "बेंझाल्डिहाइडला आल्डॉल कसा लिहिलास, त्याला अल्फा हायड्रोजन तरी आहे का, ते कॅनिझारो आहे" अशी भांडणं होतात. आणि "कारणे द्या" असतात, तिथे प्रत्येकाचं कारण वेगळं आणि प्रत्येकालाच ते पटलेलं.

शहरातली मुलं गेटबाहेर वडापावच्या गाडीपाशी दहा मिनिटं चर्चा करून पांगतात. आमची सोय वेगळी होती. आम्ही केळशीचे सहा-सात जण दापोलीच्या ज्युनिअर कॉलेजात. परत यायला एकच सोयीची गाडी आणि वळणावळणाचा जवळजवळ दीड तासाचा रस्ता. म्हणजे उत्तरं ताडून बघायला तीन तासांच्या पेपरच्या निम्मा वेळ! त्यातून सुटका नाही, कारण मधल्या स्टॉपवर उतरलात तर चालतच घरी जा. मागच्या लांब सीटवर आमचं मंडळ बसायचं. कंडक्टर काका तिकिटं फाडता फाडता म्हणायचे, "अरे पोरांनो, पेपर देऊन आलात ना? मग आता कशाला भांडताय?" ऐकतो कोण?

आता त्या गणिताबद्दल. नेमके आकडे आठवत नाहीत, पण धाटणी पक्की आठवते. समजा, एक फर्स्ट ऑर्डरची रिॲक्शन ५० मिनिटांत ४० टक्के पूर्ण होते, तर रेट कॉन्स्टंट किती? फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो. २.३०३ भागिले वेळ, गुणिले लॉग, आणि लॉगच्या आत सुरुवातीला होतं ते भागिले शिल्लक आहे ते. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल उघडायचं. मी १०० भागिले ४० केलं. उत्तर आलं ०.०१८. तिनं १०० भागिले ६० केलं. तिचं आलं ०.०१०.

तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. चाळीस टक्के पूर्ण झाली म्हणजे साठ टक्के शिल्लक. इतकं साधं! पण गाडीत माझं नाव "हुशार" होतं. अकरावीपासून लागलेलं लेबल, निघता निघत नाही. मी उत्तर सांगितलं की बाकीचे आपापलं तपासायचे, माझं कोणी तपासायचं नाही. दोघांची उत्तरं तिच्यासारखीच होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी गुपचूप मान डोलावली होती, "हो रे, आमचं पण चुकलं वाटतं."

ती काही बोलली नाही. प्रश्नपत्रिकेची घडी घालून दप्तरात ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. शिमगा तोंडावर आला होता, रस्त्याकडेच्या वाड्यांमधून पोरं होळीसाठी लाकडं ओढत नेत होती. आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

त्या वर्षी बोर्डाच्या मार्कांना भलताच भाव होता, हे इथं सांगायला हवं. २०१४ आणि २०१५ साली महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला निम्मं वजन जेईई मेनला आणि निम्मं बारावीच्या पीसीएमला होतं. सीईटी परत आली ती २०१६ मध्ये. त्यामुळे तीन मार्कांचं एक गणित म्हणजे नुसते तीन मार्क नव्हते, पुण्याच्या एखाद्या कॉलेजचं दार होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं. जेईईच्या क्लासची सोय मुंबई-पुण्याच्या मुलांना. आमच्या हातात होतं ते बोर्डच. कोकण विभाग निकालात राज्यात पहिला येतो म्हणून दरवर्षी पेपरात फोटो छापून येतात, पण त्या टक्क्यांमागे अशा दीड-दीड तासाच्या किती गाड्या असतात, ते कुणी मोजलेलं नाही.

घरी आलो. आईनं पोह्यांची बशी पुढे केली. पोहे खाता खाता पुस्तक उघडलं, नुसतं खात्री करायला म्हणून. सोडवलेलं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. शिल्लक. तो शब्द तिथं स्वच्छ छापलेला होता.

तिचं घर आमच्या आळीत, सात-आठ घरं पलीकडे. चालत दोन मिनिटं लागली असती. "अगं, तुझंच बरोबर आहे," एवढं सांगायचं होतं. मी गेलो नाही. मॅथ्सचा पेपर डोक्यावर होता, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की उद्या गाडीत सगळ्यांसमोर हुशारी उतरली असती. अठराव्या वर्षी हे फार मोठं असतं. (अठ्ठाविसाव्या वर्षी नसतं असं नाही. क्लायंट मीटिंगनंतर कॉफी मशीनपाशी आपण तरी दुसरं काय करतो? "तू त्या स्लाइडवर काय बोललास, त्याचा चेहरा बघितलास?" आणि आपला आकडा चुकलाय हे कळलं तरी ईमेल पाठवायला दोन दिवस लावतो.)

मॅथ्स तिला वाईट गेलं. केमिस्ट्रीमुळेच गेलं का, हे मला सांगता येणार नाही. रिझल्ट लागला तेव्हा केमिस्ट्रीत तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते, मॅथ्समध्ये बरेच कमी. मी पुण्याला आलो, तिनं दापोलीतच बीएस्सी केलं.

मध्यंतरी फेब्रुवारीत चार दिवस सुट्टी टाकून घरी गेलो होतो. दापोलीहून तीच गाडी पकडली आणि नेमका पेपर सुटला होता. मागच्या सीटवर चार मुलं, दोन मुली. फरक एवढाच, की आता वाद मिटवायला फोन असतो. दापोली सोडेपर्यंत कुठल्या तरी क्लासवाल्याचा "फुल सोल्युशन" व्हिडिओ आलेला होता, ते स्क्रीनभोवती डोकी जोडून बसले होते. भांडण पाच मिनिटांत संपलं. मग प्रत्येक जण आपापला आकडा मनात धरून गप्प झाला. मला आमचा दीड तास बरा वाटला, आणि मग वाटलं, कशासाठी बरा? तेव्हा असा व्हिडिओ असता तर ती गाडीतच बरोबर ठरली असती.

अर्थात फोनच्या दुसऱ्या करामतीही आपण पाहिल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये केमिस्ट्रीच्याच पेपरला विलेपार्ल्यात उशिरा आलेल्या एका विद्यार्थिनीच्या मोबाइलवर प्रश्नपत्रिकेचा भाग सापडला आणि मालाडच्या एका खाजगी क्लासच्या शिक्षकाला अटक झाली. २०२३ ला इंग्रजीच्या पेपरात छपाईचा घोळ झाला आणि बोर्डानं सहा मार्क देऊन तो निस्तरला. आणि २०२१ च्या बॅचला तर पेपरच नव्हता! कोविडमुळे परीक्षा रद्द, दहावी-अकरावी-बारावीच्या मार्कांचा ३०:३०:४० असा फॉर्म्युला आणि राज्याचा निकाल ९९.६३ टक्के. माझी मावसबहीण त्या बॅचची. ती म्हणते, "दादा, आम्हाला 'पेपर कसा गेला' कुणी विचारलंच नाही." तिच्या बोलण्यात आनंद अजिबात नव्हता.

त्याच सुट्टीत तीही घरी आलेली होती. आता लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे आकडे ताडून बघणं हाच तिचा पगारी उद्योग. संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. आमच्या केळशीला वाळूची एक भलीमोठी टेकडी आहे. ती सुनामीनं आणून टाकली की वाऱ्यानं वर्षानुवर्षं रचली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तिच्या पायथ्याशी बसून मी एकदाचं सगळं सांगून टाकलं. चाळीस, साठ, लॉग टेबल, पोहे, सगळं.

तिला ते गणित आठवतच नव्हतं!

"कुठलं रे? रेट कॉन्स्टंटचं? असेल."

मला हायसं वाटणार, एवढ्यात ती म्हणाली, "मला ती गाडी आठवते पण. मी एक स्टॉप आधी उतरले होते, आठवतंय? दुकानातून काहीतरी घ्यायचंय असं सांगून."

मला आठवत नव्हतं.

"काही घ्यायचं नव्हतं," ती म्हणाली. "रडायला येत होतं. तुमच्यासमोर नको होतं."

"मी आलो असतो त्या रात्री सांगायला, तर?"

"तर मॅथ्स बरं गेलं असतं का? माहीत नाही." तिनं वाळूत बोटानं काहीतरी लिहिलं, पुसलं. "पण आला असतास तर बरं वाटलं असतं."

भरती सुरू झाली होती. तिच्या आईचा फोन आला, जेवायला कधी येताय म्हणून. आम्ही उठलो, चपला हातात घेतल्या. आळीच्या तोंडाशी तिनं विचारलं, "बाय द वे, बरोबर उत्तर किती होतं?"

"पॉइंट झिरो वन झिरो," मी म्हणालो. "तुझंच."