शिक्षकाचा कान आणि मुलाची वाचा

वर्गात पाळीपाळीने धडा वाचून घेताना एखादे मूल पहिल्याच अक्षरावर अडते. 'प... प... पाऊस' असे होते, मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि आपण सवयीने म्हणतो, "अरे, सावकाश बोल, घाई करू नकोस." या सूचनेने मुलाचे भले होते की नुकसान? या प्रश्नाशी अमेरिकेतील आयोवा राज्याचे सरकारी विद्यापीठ १९२० नंतरच्या दशकांत झगडले. वाचा आणि श्रवण यांचे विज्ञान हा स्वतंत्र विषय म्हणून घडला तो मोठ्या प्रमाणावर तिथे.

बोलणे ही वाटते तितकी सोपी क्रिया नाही. गळ्यावर बोटे ठेवून 'स्स्स्' म्हणून पाहा, मग 'म्म्म्' म्हणा. पहिल्या वेळी बोटांना काही जाणवत नाही, दुसऱ्या वेळी थरथर जाणवते. 'प' आणि 'ब' म्हणताना ओठ सारखेच मिटतात. फरक असतो तो घशातील स्वरतंतू केव्हा थरथरू लागतात यात, आणि तोही सेकंदाच्या काही शतांशांचा. फुप्फुसातील हवा, स्वरतंतू, जीभ, ओठ आणि स्वतःचा आवाज ऐकणारा कान या सर्वांचा मेळ मेंदू घालतो. तो कोठे बिघडला हे कळण्यासाठी शरीररचना, ध्वनीचे भौतिकशास्त्र, भाषा आणि मानसशास्त्र ही सगळीच शास्त्रे लागतात. आयोवातील मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी नेमके हेच हेरले आणि अनेक विभागांत मिळून शिकण्याची सोय केली. त्यांचे विद्यार्थी ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांनी १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली व पुढे तिथले वाचाचिकित्सालय चालवले.

ट्रॅव्हिस यांचे म्हणणे असे, की डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावले की मेंदूच्या दोन अर्धांत चढाओढ लागते आणि वाचा अडखळते. १९२६ मध्ये वेंडेल जॉन्सन नावाचा, स्वतः अडखळत बोलणारा तरुण या विद्यापीठात आला. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये बांधून ठेवण्यात आला. अडखळणे काही गेले नाही.

जॉन्सन तिथेच प्राध्यापक झाले आणि त्यांनी वेगळा विचार मांडला. दोन ते पाच वर्षांची बहुतेक मुले बोलताना शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात. मोठी माणसे त्याला दोष म्हणतात, मूल धास्तावते आणि त्या धास्तीतूनच खरे तोतरेपण येते. हा तर्क तपासण्यासाठी १९३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातील नीट बोलणाऱ्या ६ मुलांना महिनोन्महिने सांगितले गेले, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, नीट बोलता येत नसेल तर बोलू नका. मुलांची किंवा इतर कोणाची खरी संमती घेतली गेली नव्हती. मुलांनी कोणाकडे तक्रार करायची, हा प्रश्न कोणाला पडला नसावा.

त्या सहांपैकी कोणी खऱ्या अर्थाने तोतरे झाले नाही, असे या नोंदी पुन्हा तपासणाऱ्या संशोधकांचे मत आहे. पण मुले गप्प झाली, वर्गात बोलायला बिचकू लागली. प्रबंध छापला गेला नाही. तो ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने हे प्रकरण उघड केले, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने हयात असलेल्यांना व मृतांच्या वारसांना मिळून ९,२५,००० डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले.

जॉन्सन यांचा सिद्धांत आज मानला जात नाही. तोतरेपणाचे मूळ बव्हंशी आनुवंशिकतेत आणि मेंदूच्या जडणघडणीत आहे. २०१० मध्ये पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी निगडित एक जनुकही सापडले. सुमारे ५ टक्के मुले कधी ना कधी अडखळतात आणि त्यातील बहुतेकांचे बोलणे पुढे आपोआप सुधारते. म्हणजे आईवडिलांनी किंवा गुरुजींनी टोकले म्हणून मूल तोतरे होत नाही. पण टोकण्याने ते मुके मात्र होऊ शकते, आणि त्या ६ मुलांनी दाखवले ते हेच.

मग वर्गात काय करावे? एक गोष्ट आपल्याही ध्यानात आली असेल: वाचताना अडखळणारे तेच मूल पाढे किंवा कविता सर्वांबरोबर म्हणताना सहसा अडखळत नाही. तेव्हा त्याला एका जोडीदारासह वाचू द्यावे. एकटे बोलत असेल तर त्याचा शब्द आपण पुरा करू नये, 'सावकाश' म्हणू नये, त्याच्याकडे शांतपणे पाहत वाक्य संपू द्यावे. हसणाऱ्यांना मात्र जरूर दटवावे! अडखळणे काही महिने टिकले, तर पालकांना वाचातज्ज्ञाकडे जायला सुचवावे.

असे तज्ज्ञ घडवताना अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत एक गृहपाठ देतात. विद्यार्थ्याने दुकानात जाऊन मुद्दाम तोतरे बोलायचे आणि समोरच्याची नजर कोठे जाते, आपल्या पोटात काय होते, हे लिहून आणायचे. आमच्या मते हा गृहपाठ शिक्षकांच्या प्रशिक्षणातही असावा.

आपल्याकडे हा विषय शिकवणाऱ्या सरकारी संस्थांत १९६५ साली स्थापन झालेली, म्हैसूर विद्यापीठाशी संलग्न असलेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या प्रमुख होत. बारावी विज्ञाननंतरची ही पदवी चार वर्षांची असून शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काढायचे असते. पदवीनंतर व्यवसाय करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. जीवशास्त्राइतकीच भाषेची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी, आणि ज्यांना दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबता येते त्यांनी, याची चौकशी अवश्य करावी.