नातू समुद्रावर, आजी-आजोबा परभणीत

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गंगाखेडचा घाट ओलांडून जाणारी गोदावरी पुढे बंगालच्या उपसागराला मिळते खरी; पण येथून मुंबईचा किनारा गाठायचा तर रात्रभराचा रेल्वेप्रवास करावा लागतो. अशा जिल्ह्यातील घरातून नातू किंवा नात मोठ्या प्रवासी जहाजावर प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून जाते, तेव्हा कौतुकाच्या पाठोपाठ काळजीही घरात येते. तो झोपतो केव्हा? आजारी पडला तर कोण पाहील? चार दिवस फोन आला नाही तर काय समजावे? ज्येष्ठ वाचकहो, या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असली, तर काळजी पुष्कळ हलकी होते आणि आपल्या प्रकृतीवरचा तिचा भारही कमी होतो.

तेथवर पोहोचण्याची वाट

अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १९२७ साली ‘डफरिन’ या जहाजावर प्रशिक्षण सुरू झाले. पुढे १९७२ पासून ‘राजेंद्र’ आणि १९९३ पासून नवी मुंबईतील ‘चाणक्य’ ही संस्था तो वारसा चालवीत आहे. आज हे शिक्षण २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. एक वर्षाच्या पदविकेनंतर अठरा महिने, किंवा तीन वर्षांच्या पदवीनंतर बारा महिने, प्रत्यक्ष जहाजावर काम शिकावे लागते. या काळातील उमेदवाराला ‘डेक कॅडेट’ म्हणतात. प्रवासी जहाजांवर अशा जागा थोड्या असतात. बहुतेकांचे प्रशिक्षण मालवाहू जहाजांवरच होते.

या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, डोळ्यांची तपासणी. रात्री समोरच्या जहाजाची डावी बाजू तांबड्या दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने ओळखली जाते. म्हणून रंगांधळेपणा असलेल्या उमेदवाराला हे क्षेत्र बंद आहे. ही तपासणी दहावीतच करून घेतली, तर पुढची निराशा टळते. दुसरी गोष्ट पैशांची. जहाजावर नोकरी देणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि पारपत्र, वैद्यकीय दाखला व नाविक ओळखपुस्तिका यांचा खर्च सोडल्यास नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे आंतरराष्ट्रीय नियमांत बसत नाही. कोणी लाखांची रक्कम मागत असेल, तर शेत गहाण ठेवण्यापूर्वी किंवा मुदतठेव मोडण्यापूर्वी परवाना तपासावा. घरातील वडीलधाऱ्यांची सही पुष्कळदा अशाच कागदावर लागते, हे ध्यानात असू द्यावे.

घड्याळाशी बांधलेला दिवस

जहाज जेथून चालवले जाते त्या कक्षाला ‘ब्रिज’ म्हणतात. तेथे रात्रंदिवस पहारा असतो. बारा ते चार, चार ते आठ आणि आठ ते बारा अशा चार-चार तासांच्या पाळ्या दिवसातून दोनदा येतात. प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली उभा राहून क्षितिज न्याहाळतो, रडार वाचायला शिकतो, नकाशावर जहाजाचे स्थान मांडतो. पाळी संपली की जीवरक्षक होड्या आणि आग विझवण्याची साधने यांची तपासणी, आणि शिकलेल्या प्रत्येक कामाची नोंदवहीत नोंद.

प्रवासी जहाजावर आणखी एक जबाबदारी येते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाजाला अपघात होऊन ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा-कवायत तोवर झालेली नव्हती. २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. प्रवाशांत वृद्ध पुष्कळ असतात. काठी घेऊन चालणाऱ्या एखाद्या आजोबांना जीवरक्षक जाकीट कसे बांधावे, हे दाखवण्याचे काम अशा वेळी आपल्या नातवाकडेही येऊ शकते.

विश्रांतीचेही नियम आहेत. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. रोजचे दहा तास फार तर दोन भागांत घेता येतात आणि त्यांतला एक भाग सलग सहा तासांचा असावा लागतो. पहाटे चारला पाळी संपवणारा मुलगा सकाळी झोपलेला असतो, तो त्यामुळेच.

आजारी पडला तर

शंभर किंवा त्याहून अधिक माणसे घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असणे आवश्यक आहे. त्यामुळे मोठ्या प्रवासी जहाजावर दवाखाना असतो. मालवाहू जहाजावर सहसा डॉक्टर नसतो. तेथे वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला अधिकारी उपचार करतो आणि रेडिओ किंवा उपग्रहावरून किनाऱ्यावरील डॉक्टरांचा सल्ला घेतो.

पहिल्या दिवसांतील ओकाऱ्या व चक्कर यांनी घाबरून जाऊ नये. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मात्र हालचाल जाणवते. या विसंगतीतून मळमळ होते. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत सरावते. मोकळ्या हवेत दूरच्या क्षितिजाकडे पाहणे आणि थोडे-थोडे खाणे यांनी आराम पडतो. आजीच्या डब्यातील आलेपाकही अनेकांना उपयोगी पडतो.

फोन आला नाही तर

फोन न येण्याची कारणे बहुधा साधी असतात. जहाज किनाऱ्यापासून दूर आहे, उपग्रहाचे जाळे क्षीण आहे, पाळी चालू आहे, किंवा तो झोपला आहे. शिवाय वेळेचा फरक असतो. जहाज अमेरिकेतील मायामी बंदरात असेल, तर परभणीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तेथे हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ झालेले असतात.

यासाठी निघण्यापूर्वीच आठवड्यातील एक वार व वेळ ठरवून घ्यावी. एरवी ‘ठीक आहे’ एवढा संदेश पुरेसा मानावा. कंपनीच्या कार्यालयाचा आपत्कालीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा. फोनची वाट पाहत रात्री जागू नये. जागरणाने रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही बिघडतात. जेवणाची व गोळ्यांची वेळ फोनवर अवलंबून ठेवू नये.

आपले आजारपण लपवू नका

काळजीवाहकांनी विशेष लक्ष द्यावे असे हे आहे. ‘पोराला उगीच घोर नको’ म्हणून ज्येष्ठ मंडळी छातीतले दुखणे, पायाची सूज, पडल्याची गोष्ट लपवतात. मुलाला सांगायचे नाही म्हणून मग घरातही कोणाला सांगत नाहीत, आणि उपचाराला उशीर होतो. भर समुद्रातून मुलाला लगेच उतरता येत नाही. जहाज बंदरात लागल्यावरही कागदपत्रे आणि विमानप्रवास यांत दिवस जातात. म्हणून आजारपणाची व्यवस्था त्याच्या येण्यावर अवलंबून नसावी.

तो निघण्यापूर्वी घरात बसून काही गोष्टी ठरवाव्यात. रुग्णालयात कोण नेईल, रात्री शेजारचे कोणते दार ठोठावायचे, औषधांची यादी व जुने तपासणी-अहवाल कोठे ठेवले आहेत, तातडीचा पैसा कोणाच्या हाती असेल. छातीत दाब येणे, अचानक एक हात किंवा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, जीभ अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलाला मागाहून कळवावे.

आणि ठरलेल्या वारी फोन येईल तेव्हा त्याला खरे सांगावे: डॉक्टर काय म्हणाले, औषध कोणते चालू आहे, सोबत कोण आहे. घरी उपचार नीट चालू आहेत एवढे कळले, की तोही निर्धास्त मनाने आपल्या पाळीवर उभा राहील.