शिलोंड्याच्या वाटेवरील दोन कुडे

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंडा पायवाटेने आम्ही दोन-तीन वैद्यकुटुंबे मार्गशीर्षात मार्गदर्शकासह गेलो होतो. वाट झाडीतून, ओढ्याच्या कडेने जाते. मुले पाण्यापाशीच रेंगाळली. मार्गदर्शकाने दोन झाडांकडे बोट करून "हे दोन्ही कुडेच" म्हणताच माझ्या कन्येने विचारले, "बाबा, तुम्ही देता तो यांतला कोणता?" मी निरुत्तर झालो. वीस वर्षे कुटजघनवटी लिहून देणाऱ्या वैद्याची ही अवस्था!

मार्गदर्शकाने शेंगा दाखविल्या. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात, काळ्या कुड्याच्या कोवळेपणी जुळलेल्या. पांढऱ्याचे बी, म्हणजे आपला इंद्रयव, कडू, काळ्याचे गोडसर. चरकाचार्यांनी कल्पस्थानात कुटजाचे पुं-स्त्री भेद सांगितले आहेत. ओषधींची नामरूपे गुराखी व वनवासी जाणतात, हेही सूत्रस्थानात आहेच. आपण मात्र पोत्यातील साल पाहून समाधान मानतो. वाळलेल्या सालीला ना शेंग, ना पान.

उद्यानात पानही तोडता येत नाही. तेव्हा चाखण्याची परीक्षा औषधिविक्रेत्या बंधूंनी आपल्या दुकानातील इंद्रयवावरच करावी. मी परतल्यावर केली. माझ्या बरणीतील निम्मे बी कडू नव्हते.